वाळूची पोती कुणाच्या भल्यासाठी?
जुनी पाँटून बोट घेताना करावयाचा भाराचा हिशेब



आपल्या पत्रिकेत लागण, खोडवा, पाचट आणि पाणी यांविषयी नेहमी लिहून येते. या अंकात बोटीविषयी लिहीत आहे. "साखर कारखान्याच्या अंकात बोटीचं काय काम?" असे कुणी विचारील. पण उजनीच्या फुगवट्याकाठी ज्यांची शेती आहे, ते असे विचारणार नाहीत.

भीमा नदीवरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांत पाण्याचा फुगवटा पसरला. त्या पाण्याने काठच्या शिवारांना ऊस दिला, आणि त्याच पाण्याने जुन्या वाटा तोडल्या. समोर दिसणारे गाव रस्त्याने जायचे तर लांबचा वळसा पडतो. म्हणून माणसे, दुधाचे कॅन, खताची पोती, मोटारसायकली, सगळे बोटीतून जाते.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ आपल्या भागात कुणी विसरलेले नाही. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. त्या दिवसापासून बोटीचे नाव काढले की घरातल्या बायामाणसांच्या पोटात गोळा येतो. परंतु वाट तीच आहे आणि पाणीही तेच आहे. तेव्हा भिऊन भागणार नाही, समजून घ्यावे लागेल.

मी आपल्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे. बोटीचा इंजिनिअर नाही. पण गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या बोटीने मला जे शिकविले, ते सभासदांच्या कानावर घालावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

तिघांची बोट

फुगवट्याकाठच्या तीन सभासदांनी मिळून एक जुनी पाँटून बोट विकत घेतली. तिघांचीही थोडी थोडी जमीन पलीकडच्या तीरावर आहे. एका जलाशयावर पर्यटकांना फिरविण्यासाठी ती काही वर्षे वापरलेली होती.

पाँटून बोट म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपल्याकडे फुगवट्यातली मोटार पाण्याबरोबर खाली-वर व्हावी म्हणून रिकामी पिपे बांधून त्यावर तराफा करतात. पाँटून बोट हे त्याच तराफ्याचे सुधारलेले रूप. दोन लांब, बंद पिपे समांतर ठेवायची, त्यांवर सपाट डेक टाकायचा, भोवती कठडा, वर छप्पर आणि मागे इंजिन. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ॲम्ब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने १९५१-५२ च्या सुमारास लोखंडी पिपे एकापुढे एक जोडून, त्यांवर लाकडी फळ्या टाकून अशी बोट केली. तेथून या बोटींचा धंदा वाढला. मूळ कल्पना शेतकऱ्याचीच आहे, आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

तिघांनी घेतलेल्या बोटीची पिपे ॲल्युमिनियमची होती. प्रत्येक पीप ६ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर व्यासाचे. बोट पाण्यात सोडली तेव्हा डावे अंग उजव्यापेक्षा तीन-चार बोटे खाली बसले. तिघांतील वडीलधारे गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, त्यांनी गावठी उपाय केला. वाळूची ५० किलोची चार पोती उजव्या अंगाला ठेवली. बोट सरळ झाली. सगळे खूश झाले.

परंतु बोट चालेना. इंजिन ओरडायचे, पेट्रोल प्यायचे, आणि पलीकडे पोहोचायला पंचवीस मिनिटे लागायची. इंजिनाला जोर दिला की नाक वर, सोडला की नाक खाली. अण्णांनी मला निरोप धाडला, "मिस्त्री, इंजिन बघून जा."

मी इंजिन पाहिले. त्यात खोट नव्हती. मग माझी नजर पोत्यांवर गेली.

"अण्णा, ही वाळू कशाला?"

"अहो, डावं अंग दबत हुतं. म्हनून उजवीकडं टाकली. आता बघा, कशी काट्यावानी सरळ उभी हाय!"

"ते खरं. पन डावं अंग दबत का हुतं?"

अण्णा गप्प झाले. हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

काट्यावर बोट

हंगाम संपलेला होता, कारखान्याचा वजनकाटा मोकळा होता. रीतसर परवानगी काढून, वाळूची पोती उतरवून, बोट ट्रॉलीवर घालून आम्ही काट्यावर आणली. ट्रॉलीचे वजन वजा जाता बोट भरली १,२४० किलो. बोटीच्या जुन्या कागदांवरून छप्पर आणि इंजिन धरून ती साडेनऊशेच्या आसपास भरायला हवी होती. मग हे जादा वजन आले कोठून?

ट्रॉलीवर बोटीचे मागचे अंग खाली करून डाव्या पिपाच्या टोकाची डाट काढली. पाण्याची धार लागली. वीस लिटरच्या बादलीने मोजले, अकरा बादल्या भरल्या. म्हणजे २२० लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेतले गणित येथे उपयोगी पडते. पुन्हा काट्यावर घेतली तर १,०२० किलो. डेकचे प्लायवूड उचकटून पाहिले, तर जुने कुजलेले तसेच ठेवून त्यावर दुसरा थर ठोकलेला, आणि दोन्ही थर पाणी पिऊन जड झालेले. ते काढून एकच नवा थर टाकला. आता बोट बरोबर ९५० किलोवर आली.

हिशेब पाहा. पिपातले पाणी २२० किलो आणि ते लपविण्यासाठी टाकलेली वाळू २०० किलो. एकूण ४२० किलो, म्हणजे साडेपाच माणसांचे वजन ही बोट रोज फुकट वाहत होती. त्यातले निम्मे वजन दुखण्याचे, निम्मे औषधाचे! आणि औषधाने दुखणे बरे झालेच नव्हते, फक्त दिसेनासे झाले होते.

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवा. बोट एका अंगाला कलली तर दुसऱ्या अंगाला वजन ठेवण्याआधी ती का कलली ते शोधा.

भार किती, त्याहून भार कोठे

हे आपल्या माणसाला नवीन नाही. बैलगाडीत ऊस भरताना भार मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. ऊस तितकाच असतो, पण भरण्याची पद्धत चुकली की वाट अवघड होते. बोटीचेही तसेच आहे. फरक इतकाच, की गाडीचे ओझे बैल सांगतो, बोटीचे ओझे पाणी सांगते. आणि पाणी सांगते ते बहुधा फार उशिरा.

आता जरा पिपाचा हिशेब करू. ६० सेंटिमीटर व्यासाच्या, ६ मीटर लांबीच्या पिपात सुमारे १,६९६ लिटर पाणी मावेल. याचाच अर्थ असा, की ते पीप पुरे बुडाले तर १,६९६ किलो भार तोलून धरील, त्याहून एक किलो अधिक नाही. दोन पिपांचे मिळून झाले ३,३९२ किलो.

हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल, बोट ९५० किलोची, म्हणजे अजून २,४०० किलो भरायला मोकळीक आहे. येथेच माणूस फसतो. पिपाचे पोट गोल असते. निम्म्यापर्यंत बुडेतो ते पाण्याच्या पातळीवर रुंद होत जाते, म्हणून प्रत्येक वाढीव भाराला बोट कमी कमी दबते. निम्म्याच्या वर मात्र ते पुन्हा अरुंद होत जाते. मग तितक्याच भाराला बोट आधीपेक्षा जास्त दबते. तळ्यात पाय टाकून बसलेला माणूस घसरू लागला की जसा भराभर घसरतो, तसे होते.

म्हणून आम्ही नेम केला, की पूर्ण भरलेल्या बोटीचे पीप निम्म्याहून अधिक बुडता कामा नये. दोन्ही पिपांचे निम्मे म्हणजे १,६९६ किलो. त्यातून बोटीचे ९५० वजा केले की उरले ७४६ किलो. माणूस ७५ किलोचा धरला तर जेमतेम दहा माणसे. आम्ही चालक धरून नऊच ठरविली. एक मोटारसायकल चढली की दोन माणसे कमी.

आता आधीची स्थिती पाहा. बोट, पाणी, कुजके प्लायवूड आणि वाळू मिळून १,४४० किलो. निम्म्याच्या नेमाने शिल्लक राहिली २५६ किलो, म्हणजे तीन माणसे. आणि अण्णांचे लोक तिच्यातून आठ-आठ, दहा-दहा जण जात होते! सगळे सुखरूप पोहोचले ही पाण्याची कृपा, बोटीची नव्हे.

बुडण्याइतकी नाही, उलटण्याइतकी

बोट सरळ उभी असते तेव्हा दोन्ही पिपांवर सारखा भार असतो. पण माणसे म्हणजे वाळू नव्हेत, ती हलतात. काठ जवळ आला की सगळे उठून एका अंगाला येतात. मोठा मासा उसळला, पाहुणे पक्षी दिसले, कुणाचा मोबाइल पाण्यात पडला की सगळे एकदम एका कठड्याला. त्या क्षणी काय होते, ते आकड्यांनी पाहू.

समजा नऊ माणसे आहेत आणि सगळी डाव्या पिपावर येऊन उभी राहिली. त्या पिपावर बोटीचा निम्मा भार ४७५ किलो आणि माणसे ६७५, मिळून १,१५० किलो. पिपाची ताकद १,६९६. बोट कलेल, लोक घाबरतील, पण पिपाचा जवळजवळ तिसरा हिस्सा अजून शिल्लक आहे. लोक मागे सरले की बोट सरळ होईल.

आता समजा चौदा माणसे आहेत आणि दोन मोटारसायकली मधोमध बांधलेल्या आहेत. मोटारसायकल १२० किलोची धरू. बोटीसह सगळे मिळून २,२४० किलो. दोन पिपांच्या ३,३९२ च्या ताकदीपुढे हे काहीच नाही असे वाटते. पण चौदाही जण एका अंगाला आले तर त्या पिपावर बोटीचे ४७५, मोटारसायकलींचा निम्मा वाटा १२० आणि माणसे १,०५०, मिळून १,६४५ किलो. ताकद १,६९६. म्हणजे एकाच माणसाइतकीही जागा उरली नाही. त्यातच त्या पिपात गळतीचे १०० लिटर पाणी असेल तर झाले १,७४५. पीप पाण्याखाली गेले, डेकची कड पाण्याला लागली, माणसे आणखी त्याच अंगाला घसरली. पुढचे सांगायला नको.

ही बोट बुडण्याइतकी भरलेली नव्हतीच. ती उलटण्याइतकी भरलेली होती. या दोन आकड्यांतले अंतर ज्याला कळले, त्याला बोटीचे निम्मे शास्त्र कळले. आणि वर सांगितलेले गणित शांत पाण्याचे आहे. त्यात वारा धरलेला नाही, लाट धरलेली नाही, आणि कठड्याबाहेर वाकलेला माणूसही धरलेला नाही. वैशाख-ज्येष्ठातला वळीव छपराला कसा धरतो, हे पत्र्याची शेड उडालेल्या माणसाला सांगावे लागत नाही. बोटीचे छप्पर म्हणजे न मागितलेले शीडच.

नीरम म्हणजे काय आणि ते कोठे चालते

जहाजाचा तोल राहावा म्हणून त्याच्या पोटात जो भार घालतात, त्याला इंग्रजीत बॅलास्ट आणि मराठीत नीरम म्हणतात. जुनी शिडाची गलबते रिकामी निघाली की तळाशी दगड भरीत. त्या गलबताचे पोट खोल असते, दगड अगदी तळाला बसतात, त्यामुळे वाऱ्याने कलले तरी खालचा भार त्याला पुन्हा उभे करतो. तेथे नीरम योग्यच आहे.

पाँटून बोटीची गोष्ट वेगळी. तिचा तोल वजनाने राहत नाही, दोन पिपांतल्या अंतराने राहतो. पाय फाकून उभा राहिलेला पैलवान आणि खांद्यावर पोते घेऊन पाय जुळवून उभा राहिलेला हमाल, यांत कोण आधी पडेल? पाँटून बोट म्हणजे पाय फाकून उभा असलेला पैलवान. त्याच्या डोक्यावर पोते ठेवून तो अधिक भक्कम होत नाही. डेकवर ठेवलेली वाळू तळाशी नसते, ती वर असते. तिने बोट दबते आणि संकटासाठी राखलेली पिपाची ताकद खर्च होते.

मग पाँटून बोटीला वजन लावायचेच नाही काय? लावायचे, पण आधी असलेले वजन हलवून पाहायचे. अण्णांच्या बोटीत बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि चालकाची खुर्ची, तिन्ही डाव्या अंगाला होती. गळती बंद केल्यावरही बोट थोडी डावीकडे राहिली, तेव्हा बॅटरी आणि टाकी उजवीकडे आणली. एक किलोही न वाढविता बोट सरळ झाली.

एकटा चालक रिकामी बोट आणतो तेव्हा इंजिनाच्या भाराने मागचे अंग दबते आणि नाक वर राहते. अशा वेळी पुढे थोडे वजन लागलेच तर वाळूऐवजी पाण्याने भरलेले कॅन ठेवावेत, आणि ते घट्ट बांधावेत. प्रवासी चढले की कॅन ओतून टाकता येतात. वाळू मात्र कुणी उचलत नाही, ती तेथेच राहते, भिजते, जड होते, आणि अपघात झालाच तर बोटीला खाली ओढते. कॅनमधले पाणी पाण्यात ओझे होत नाही.

पिपातले पाणी, सगळ्यांत वाईट भार

वाळूचे पोते निदान एका जागी बसते. पिपातले पाणी बसत नाही. अण्णांच्या बोटीच्या पिपात आत एकही आडभिंत नव्हती. इंजिनाला जोर दिला की ते २२० लिटर पाणी मागे धावायचे, म्हणून नाक वर व्हायचे. जोर कमी केला की पाणी पुढे यायचे आणि नाक खाली जायचे. इंजिन त्या बोटीला ढकलीत नव्हते, ते नाक वर करून पाणी नांगरीत होते. पेट्रोल जात होते ते त्यात. पाणी काढल्यावर, वाळू उतरविल्यावर आणि पिपांना चिकटलेले शेवाळ खरवडल्यावर तोच पल्ला तेच इंजिन अठरा मिनिटांत कापू लागले. इंजिनाला मी हातसुद्धा लावला नव्हता.

पिपाच्या तळाशी चारच बोटे पाणी साचले, तरी या मापाच्या पिपात ते १२० लिटरच्या घरात जाते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून जुनी बोट घेताना पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात.

पहिली गोष्ट, बोट सौदा करण्याआधी पाण्यात रिकामी उभी करून पाहावी. चारही कोपरे पाण्यापासून किती वर आहेत ते मोजपट्टीने मोजावे. मागचे अंग इंजिनामुळे थोडे खाली असणारच. पण डाव्या-उजव्यात फरक दिसला तर कारण कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी, जमेल तर काट्यावर घालावी आणि कागदातल्या वजनाशी ताडून पाहावी. काटा खोटे बोलत नाही, हे आपण उसाच्या बाबतीत म्हणतो, ते बोटीच्या बाबतीतही खरे आहे.

तिसरी, गळती शोधण्याची रीत सायकलच्या पंक्चरसारखीच आहे. पिपात अगदी हलकी हवा भरायची आणि जोडांवर साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडा आला तेथे भोक. मात्र ही हवा सायकलच्या हातपंपानेच, बेताने भरावी. ट्रॅक्टरच्या टायरची हवा भरणारा कॉम्प्रेसर लावून पीप फुगवू नये, पत्रा फाटेल आणि माणूस जखमी होईल. आमच्या बोटीत मागच्या टोपणाच्या जोडाला केसाएवढी चीर निघाली.

चौथी, ती चीर लांबी चोपडून बुजवू नये. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग जाणणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावी. वेल्डिंगच्या वेळी पिपाची डाट उघडी असावी आणि पेट्रोलची टाकी दूर असावी. जमल्यास त्याच वेळी पिपात आडभिंती घालून घ्याव्यात. मग एका खणाला भोक पडले तरी बाकीचे खण बोटीला धरून ठेवतात. आपल्या फुगवट्यात हे विशेष महत्त्वाचे आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर जसे वर येते, तसे बुडालेल्या गावांचे चिरे, भिंती आणि झाडांची खुंटे पाण्याच्या जेमतेम खाली येतात. पिपाला घसट लागते ती तेथे.

पाचवी, बोटीवर कंपनीची पट्टी असेल तर त्यावरील माणसांचा आकडा वाचावा, पण तो नव्या कोऱ्या बोटीचा आहे हे विसरू नये. नंतर घातलेले छप्पर, लोखंडी कठडा, दुसरा प्लायवूड, मोठे इंजिन यांचे वजन त्या आकड्यातून वजा जाते.

दोन रेघा

इतके सगळे रोज कोण मोजणार? त्यासाठी आम्ही एक सोपी युक्ती केली. दुरुस्त केलेली बोट रिकामी पाण्यात सोडली आणि चारही टोकांना पाणी जेथे लागले तेथे पांढरी रेघ ओढली. मग पिपाच्या बरोबर निम्म्या उंचीवर, म्हणजे तळापासून ३० सेंटिमीटरवर, लाल रेघ ओढली.

रोज सकाळी रिकामी बोट पाहायची. पांढरी रेघ पाण्याखाली गेली असेल तर पिपात पाणी शिरले आहे, बोट काढायची नाही. माणसे चढल्यावर काठावरून पाहायचे. लाल रेघ कोणत्याही टोकाला बुडाली की शेवटी चढलेल्याने उतरायचे. मग तो पाहुणा असो, पुढारी असो, की बोटीचा मालक असो.

ही युक्ती माझी नव्हे. इंग्लंडमध्ये मालक लोक जुनी जहाजे वाटेल तितकी भरीत आणि खलाशी मरत. सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या तेथील खासदाराने त्याविरुद्ध रान उठविले आणि १८७६ साली जहाजांवर भाराची रेघ ओढणे कायद्याने बंधनकारक झाले. आजही समुद्रातल्या मालवाहू जहाजांवर ती रेघ असते. जहाजाला जे लागते ते आपल्या बोटीला लागत नाही, असे समजण्याइतके आपण शहाणे नाही.

प्रवाशांसाठी नियम बोटीवरच रंगवून घेतले आहेत. बसून राहावे. बोट काठाला बांधल्याशिवाय उठू नये, आणि उतरताना एकेकाने उतरावे. मोटारसायकल व पोती मधोमध, बांधलेली असावीत. लाइफ जॅकेट अंगात घालावे, बाकाखाली ठेवू नये. वारा सुटला की बोट निघणार नाही, आणि त्यावर हुज्जत घालू नये.

शेवटी कायद्याचेही सांगतो. यंत्रावर चालणाऱ्या नावांसाठी २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आहे. त्यात नावेची तपासणी आणि नोंदणी करून घ्यावी लागते. आमचे गणित हे आमच्या समजुतीसाठी आहे. तपासणी अधिकाऱ्याने नऊऐवजी सात माणसे लिहून दिली तर सातच. तपासणीचा कागद मिळेपर्यंत अण्णांनी बोट बांधून ठेवली. या मुद्द्यावर तिघांत थोडी कुरबूर झाली, पण अण्णा म्हणाले, "पाच-सहा हप्ते बोट बांधलेली परवडंल. पोरगी साळंतनं येताना पान्यात ग्येली तर ते कुनाला परवडंल?" त्यावर कुणी बोलले नाही.

ती चार पोती वाळू आता कोठे आहे म्हणून विचाराल, तर काठावर उतरण्यासाठी जो ओटा बांधला, त्यात ती कामी आली. वाळूचा दोष काहीच नव्हता, ती चुकीच्या जागी होती.

आपल्यापैकी कुणी अशी जुनी बोट घेण्याच्या विचारात असेल, तर एकट्याने सौदा करू नये. जाणत्याला बरोबर न्यावे, मोजपट्टी न्यावी, आणि बोट सरळ उभी आहे म्हणून समाधान मानू नये. ती कशाच्या जोरावर सरळ उभी आहे, ते डेकवर चढून, पोती हलवून पाहावे.